पाण्याची साक्ष

ज्या रोगास आज आपण कॉलरा म्हणतों त्यास आपले वाडवडील पटकी, जरीमरी अथवा महामारी म्हणत असत. सकाळीं धडधाकट शेतावर गेलेला मनुष्य दिवस मावळण्याच्या आंत निपचित पडावा, त्याचे डोळे खोल जावे, हातपाय गार व्हावे आणि दुसऱ्या दिवसाचा सूर्य त्यास दिसूं नये, अशी या रोगाची ख्याति होती. गांवोगांव मरीआईचें ठाणें असे. साथ आली कीं तिचा गाडा सजवून वेशीबाहेर, शेजारच्या गांवाच्या शिवेपर्यंत ओढीत नेत. आणि तो आपल्या हद्दींत राहूं नये म्हणून ते शेजारी त्यास आणखी पुढें लोटून देत. या चालीस हंसण्याचें आम्हांस कांहीं कारण दिसत नाहीं. एक तर, रोग एका गांवाहून दुसऱ्या गांवास जातो हें त्या लोकांनीं बरोबर हेरलें होतें. दुसरें असें कीं, त्याच काळीं लंडन शहरांतील मोठमोठे डॉक्टर या रोगाविषयीं जें बोलत होते तें याहून फारसें शहाणपणाचें नव्हतें.

वरच्या वर्गांतील मुलें-मुली आम्हांस पुष्कळदां विचारतात, ‘‘सर, डॉक्टर व्हावें कीं इंजिनियर?’’ जणूं हीं दोन वेगळ्या नद्यांच्या कांठचीं गांवें असून एकांतून दुसऱ्यांत जाण्यास वाटच नाहीं! पटकीचा इतिहास वाचला म्हणजे ही समजूत टिकत नाहीं. या रोगाचें मर्म उघड करण्यास वैद्य लागला, मृत्यूंची मोजदाद करणारा सरकारी अधिकारी लागला, गटारें बांधणारा इंजिनियर लागला, दारोदार फिरून विचारपूस करणारा एक पाळक लागला, आणि शेवटीं पाण्यांतील सूक्ष्म जीवांचा अभ्यास करणारी एक विदुषीहि लागली. यांतील कांहीं जण एकमेकांशीं भांडले; कांहींनीं चुकीच्या समजुतीनें योग्य काम केलें; कांहींनीं योग्य गोष्ट सांगितली असतां ती कोणी ऐकली नाहीं. ही हकीकत जरा विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१८१७ सालापासून ही साथ बंगालच्या नदीमुखांच्या प्रदेशांतून दूरदूर पसरूं लागली, आणि तिच्या दुसऱ्या मोठ्या फेरींत, १८३१ सालीं, ती इंग्लंडच्या किनाऱ्यास लागली. त्या देशांतील वैद्यांची त्या वेळीं अशी पक्की समजूत होती कीं, कुजक्या घाणींतून जी दुर्गंधियुक्त हवा उठते तीच रोगास कारण होते. ही समजूत केवळ अडाणीपणाची नव्हती. जेथें घाण तेथें रोग हें तर सर्वांस दिसतच होतें. विल्यम फार नांवाचा एक अत्यंत प्रामाणिक अधिकारी मृत्यूंचें टिपण ठेवी. त्यानें १८४९ सालच्या साथीचे आंकडे मांडून असें दाखविलें कीं, लंडनमध्यें जमीन जितकी सखल तितके मृत्यु अधिक, व जितकी उंच तितके कमी. आंकडे खरे होते. सखल भागांत जड व दुष्ट हवा सांचते, असा अर्थ त्यानें त्यांतून काढला. परंतु सखल भागांतले लोक टेम्स नदीचें सर्वांत घाणेरडें पाणी पितात, हा अर्थहि त्याच आंकड्यांत दडलेला होता. तो पाहण्यास दुसरा डोळा लागला.

हा दुसरा डोळा जॉन स्नो याचा. हा १८१३ सालीं यॉर्क शहरीं एका मजुराच्या घरीं जन्मला. रोग्यास बेशुद्ध करण्याच्या औषधांत त्याचा हातखंडा होता. १८५३ सालीं व्हिक्टोरिया राणीस प्रसूतीच्या वेळीं त्यानेंच क्लोरोफॉर्म दिला. वायु शरीरांत कसा शिरतो व किती अंतरावर विरून जातो याचें त्यास चांगलें ज्ञान असल्यामुळें दुर्गंधीची उपपत्ति त्यास पटेना. त्याचा युक्तिवाद अगदीं साधा होता. विषारी हवा श्वासांतून आंत जात असेल तर प्रथम छाती बिघडावी; पण पटकी तर आंतड्यांत सुरू होते. तेव्हां विष गिळलें जात असलें पाहिजे, आणि मनुष्य अन्नाहून सहज, न पाहतां जें गिळतो तें पाणी. हा विचार त्यानें १८४९ सालीं एका पुस्तिकेंत मांडला. लोकांनीं ती वाचली आणि बाजूस ठेविली.

पुढें १८५४ सालच्या ऑगस्टच्या अखेरीस लंडनच्या सोहो भागांत, स्नोच्या घरापासून जवळच, अकस्मात् पटकी उसळली. ब्रॉड स्ट्रीट नांवाच्या रस्त्याच्या आसपास दहा दिवसांत पांचशेंहून अधिक माणसें दगावलीं. ज्यांस शक्य होतें ते घरदार सोडून पळाले. स्नो मात्र त्या गल्ल्यांत शिरला. कोणत्या घरीं किती मेले व ते पाणी कोठून आणीत, एवढेंच तो विचारी. बहुतेक मृत्यु ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाच्या भोंवतीं गोळा झालेले दिसले. हा पंप एका विहिरीवर बसविलेला असून त्याचें पाणी गोड म्हणून प्रसिद्ध होतें.

येथपर्यंत ही गोष्ट कोणासहि सांगतां येईल. आमच्या मतें स्नोची खरी बुद्धि दिसते ती अपवादांच्या शोधांत. पंपाच्या अगदीं जवळ गरिबांचें एक आश्रयगृह होतें. तेथें ५३५ माणसें राहत, आणि त्यांपैकीं केवळ पांच जण दगावले. शोध करतां असें कळलें कीं, त्या गृहाची स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावर बिअरची एक मोठी भट्टी होती. तेथील सुमारें सत्तर कामगारांपैकीं एकहि मेला नाहीं. तेथेंहि स्वतंत्र विहीर होती, आणि कामगारांस प्यावयास बिअर मिळत असल्यामुळें ते पंपाकडे फिरकतच नसत. (यावरून आमच्या कोणा विद्यार्थ्यानें भलतें अनुमान काढूं नये!) याच्या उलट, कित्येक मैल दूर असलेल्या हॅम्पस्टेड येथें एक वृद्ध विधवा पटकीनें वारली. त्या बाजूस रोगाचा मागमूसहि नव्हता. तिच्या मुलाकडून असें समजलें कीं, ती पूर्वीं ब्रॉड स्ट्रीटवर राहत असे, आणि तेथील पाण्याची चव आवडत असल्यामुळें रोज एक बाटली भरून मागवीत असे. तिला भेटावयास आलेली तिची भाचीहि तें पाणी पिऊन गेली, आणि इस्लिंग्टन येथें आपल्या घरीं मेली. दुर्गंधीची उपपत्ति धरणाऱ्यांस या बाटलीचें उत्तर देतां येण्याजोगें नव्हतें.

सप्टेंबरच्या ७ तारखेस स्नोनें त्या भागाच्या व्यवस्थापकांपुढें आपलें म्हणणें मांडलें, व दुसऱ्या दिवशीं पंपाचा दांडा काढण्यांत आला. पुस्तकांतून पुष्कळदां असें लिहिलेलें आढळतें कीं, दांडा निघाला आणि साथ थांबली. गोष्ट म्हणून हें फार गोड आहे. पण स्वतः स्नोनें असें म्हटलेलें नाहीं. लोक पळून गेल्यामुळें साथ अगोदरच ओसरूं लागली होती, हें त्यानें प्रांजळपणें लिहून ठेविलें आहे. आपल्या विजयाची कथा स्वतःच्या हातानें लहान करणारा मनुष्य विश्वासास पात्र असतो.

त्या भागाचा तरुण पाळक हेन्री व्हाइटहेड यास स्नोचें म्हणणें मुळींच पटलें नव्हतें. तें खोडून काढावें म्हणूनच तो घरोघर हिंडला. मंडळीतील माणसें त्याच्या ओळखीचीं. जे प्रश्न परक्या डॉक्टरास विचारतां येत नसत ते त्यास विचारतां येत. जसजशीं उत्तरें जमत गेलीं तसतसें त्याचें मत उलटें झालें. अखेर त्यास असें आढळलें कीं, पंपासमोरील ४० नंबरच्या घरांतील एक तान्हें मूल साथीच्या अगदीं आरंभीं अतिसारानें आजारी पडून वारलें होतें, आणि त्याचीं दुपटीं धुतलेलें पाणी आई घरापुढील मैल्याच्या खड्ड्यांत ओतीत असे. खणून पाहतां त्या खड्ड्याच्या विटा ढिल्या झालेल्या आढळल्या. तो विहिरीपासून तीन फुटांच्या आंत होता. त्या माउलीस आपण काय करीत आहों याची कल्पना तरी कोठून असणार?

स्नोचा दुसरा शोध याहूनहि मोठा असून तो फार थोड्यांस ठाऊक आहे. दक्षिण लंडनमध्यें दोन कंपन्या नळांनीं पाणी पुरवीत. दोघींचे नळ एकाच रस्त्यांतून जात; एका घरास एकीचें पाणी, तर शेजारच्या घरास दुसरीचें. श्रीमंत-गरीब, हवा, उंची सर्व सारखें. भेद एवढाच कीं, लँबेथ कंपनीनें १८५२ सालीं आपलें पाणी उचलण्याचें ठिकाण शहराच्या वर, जेथें भरतीचें पाणी पोंहोंचत नाहीं तेथें नेलें होतें, आणि साउथवर्क व व्हॉक्सहॉल कंपनी अजून शहरांतच, गटारें मिसळलेल्या पाण्यावर चालत होती. निसर्गानें जणूं प्रयोगच मांडून ठेविला होता. अडचण अशी कीं, पुष्कळ भाडेकरूंस आपल्या पाण्याची कंपनी कोणती हेंच माहीत नसे. तेव्हां स्नोनें रसायनशास्त्राचा आधार घेतला. शहरांतून उचललेल्या पाण्यांत मिठाचें प्रमाण दुसऱ्याच्या सुमारें चाळीसपट होतें. पाण्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले कीं मिठामुळें पांढरा सांका बसतो. तो किती बसला यावरून घराचें पाणी कोणत्या कंपनीचें तें कळे. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा त्याचा हिशेब असा निघाला: साउथवर्क व व्हॉक्सहॉलचें पाणी पिणाऱ्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यु, आणि लँबेथचें पाणी पिणाऱ्या २६,१०७ घरांत ९८. म्हणजे दर दहा हजार घरांमागें एकीकडे ३१५, तर दुसरीकडे ३७. आठवीच्या मुलासहि त्रैराशिकानें हें पडताळून पाहतां येईल, आणि त्यानें तें जरूर पाहावें.

इतकें होऊनहि सरकारी समितीनें स्नोचें मत अमान्य केलें. पुढें १८५८ सालीं उन्हाळा कडक पडला, टेम्सचें पात्र मैल्यानें भरून गेलें, आणि कांठावरच असलेल्या पार्लमेंटांत बसणें अशक्य झालें. ब्लीचिंग पावडरच्या द्रावणांत भिजविलेले पडदे खिडक्यांस लावून सभासद नाकास रुमाल धरून बसत. वर्षानुवर्षें रेंगाळलेलें काम तेव्हां झपाट्यानें मंजूर झालें. याच वर्षीं जून महिन्यांत, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षीं, स्नो वारला. आपलें म्हणणें जगानें मानलेलें पाहण्याचें त्याच्या नशिबीं नव्हतें.

मंजूर झालेलें काम जोसेफ बॅझलजेट या इंजिनियरानें पार पाडलें. त्यानें नदीस समांतर असे ८२ मैलांचे मोठे भुयारी नाले बांधले. रस्तोरस्तींचीं गटारें पूर्वीं सरळ नदीस मिळत. तीं वाटेंतच अडवून या नाल्यांत घेतलीं. नाल्यांस इतका बेताचा उतार दिला कीं, मैला आपोआप पूर्वेकडे वाहावा, आणि शहराच्या पलीकडे प्रचंड वाफेच्या यंत्रांनीं तो वर उचलून ओहोटीच्या वेळीं समुद्राकडे सोडावा. या कामास ३१ कोटी ८० लाख विटा लागल्या. १८६५ सालीं त्याचा मोठा भाग सुरू झाला. गंमत अशी कीं, हें सर्व केलें तें दुर्गंधी नाहींशी करण्यासाठीं! पाणी शुद्ध झालें तें ओघानें. एवढी मोठी इमारत चुकीच्या पायावर उभी राहून इतकी उपयोगी पडल्याचें दुसरें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

१८६६ सालीं लंडनमध्यें पुन्हा साथ आली, ती मुख्यतः शहराच्या पूर्व टोंकास, जेथें नवे नाले अद्याप पुरे झाले नव्हते व जेथें एका कंपनीनें न गाळलेलें पाणी नळांत सोडलें होतें. तेथें पांच हजारांवर माणसें मेलीं. या वेळीं आंकडे तपासणारा तोच वृद्ध विल्यम फार होता. आणि त्यानें आपलें जुनें मत सोडून पाण्याकडे बोट दाखविलें. बारा वर्षांपूर्वीं स्नोस मृत्यूंच्या याद्या त्याच्याच कचेरींतून मिळाल्या होत्या, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

पाण्यांत विष आहे तें कसलें, हें अद्याप सिद्ध व्हावयाचें होतें. फ्लॉरेन्सच्या फिलिप्पो पाचिनी यानें १८५४ सालींच सूक्ष्मदर्शकांतून रोगाचे जंतु पाहिले होते, पण त्याकडे कोणी लक्ष दिलें नाहीं. १८८३ सालीं जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख इजिप्तमधून कलकत्त्यास आला. तेथें त्यानें स्वल्पविरामाच्या आकाराचा हा जंतु वेगळा करून वाढविला, व ज्या तळ्याचें पाणी लोक पिण्यास, धुण्यास व स्नानास वापरीत त्या तळ्यांतहि तो दाखवून दिला. तरीहि वाद मिटेना. १८९२ सालीं हँबुर्ग शहरांत मोठी साथ होऊन सुमारें ८,६०० लोक मेले. आणि त्यास लागूनच असलेलें आल्टोना हें शहर मात्र बरेंचसें वांचलें. दोन्ही शहरें एल्बे नदीचेंच पाणी पीत, इतकेंच नव्हे तर आल्टोनाचें पाणी हँबुर्गच्या गटारांच्या खालच्या बाजूनें घेतलेलें असे. पण आल्टोना तें वाळूच्या थरांतून सावकाश गाळून घेई आणि हँबुर्ग गाळीत नसे. वाळूच्या पृष्ठावर कांहीं दिवसांत सूक्ष्म जीवांचा एक बुळबुळीत पापुद्रा धरतो, आणि तोच रोगजंतूंस अडवितो व खाऊन टाकतो. इंजिनियरानें खड्डा खणून वाळू भरावी, व उरलेलें काम सृष्टीनें करावें, असा हा सौदा आहे.

याच वेळीं म्यूनिकचे वृद्ध प्राध्यापक पेटेनकोफर यांनीं कॉखचें मत खोटें ठरविण्यासाठीं जिवंत जंतूंचा प्याला सर्वांदेखत पिऊन दाखविला! त्यांचें पोट किंचित् बिघडलें व ते बरे झाले. धाडस मोठेंच, पण एका माणसाचें वांचणें आणि दोन शहरांतील हजारों घरांचा हिशेब यांत पुरावा कोणता, हें वाचकांनींच ठरवावें.

लशीच्या कार्याचा येथें केवळ उल्लेख करतों. वाल्डेमार हाफकीन यांनीं १८९२ सालीं पटकीची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली, व १८९३ सालीं ते हिंदुस्थानांत आले. पुढें मुंबईस प्लेग आला तेव्हां त्यांनीं त्याचीहि लस तयार केली. परळ येथील हाफकीन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नांवानें चालते.

आतां पालकांच्या विशेष उपयोगाची गोष्ट. पटकीचा रोगी जंतूंनीं खाल्ला जाऊन मरत नाहीं; तो सुकून मरतो. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनीं १९५९ सालीं सिद्ध केलें कीं, हा जंतु एक विष सोडतो, आणि त्या विषामुळें आंतडीं शरीरांतील पाणी व क्षार बाहेर लोटूं लागतात. शिरेंतून मिठाचें पाणी देणें हा उपाय जुनाच. पण त्यास सुया, नळ्या, निर्जंतुक बाटल्या व शिकलेलीं माणसें लागतात. नुसतें मिठाचें पाणी पाजावें तर आंतडीं तें शोषून घेत नाहींत. मात्र मिठाबरोबर साखर असली कीं ती शोषली जातांना आपल्याबरोबर मीठ ओढून नेते, आणि मिठामागून पाणी जातें. रोगानें हा मार्ग बंद होत नाहीं. डाक्का व कलकत्ता येथील संशोधकांनीं रुग्णालयांत हें पडताळलें. पुढें १९७१ सालीं बांगलादेशच्या युद्धांतून पळून आलेले लाखों निर्वासित सरहद्दीवर गोळा झाले व त्यांत पटकी पसरली. बनगांव येथें डॉ. दिलीप महालनबीस यांच्या हातीं थोडीं माणसें व त्याहून थोड्या बाटल्या होत्या. जमिनीवर दाटीनें रोगी पडलेले. त्यांनीं एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असें मिश्रण पिंपांत तयार करून तें रोग्यांच्या नातलगांच्याच हातून पाजविलें. पूर्वीं शंभरांत तीस दगावत तेथें हें प्रमाण ३.६ वर आलें. आज औषधाच्या दुकानांत जी पुडी मिळते ती याच विद्येची. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावें, आणि रोग्यास डॉक्टरांकडे न्यावें. मीठ अधिक घालूं नये; त्यानें अपाय होतो.

हा सर्व जुना इतिहास झाला असें मात्र कोणी समजूं नये. १९६१ सालीं सुरू झालेली पटकीची सातवी जागतिक साथ अद्याप संपलेली नाहीं. २०१० सालीं हैती या बेटावरील देशांत, भूकंपानंतर कांहीं महिन्यांनीं, जेथें हा रोग नव्हता तेथें तो प्रगट झाला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सैनिकांच्या छावणीचा मैला नदीस मिळाला होता. नऊ हजारांवर माणसें मेलीं. आणि या प्रकरणांतील आपला वांटा राष्ट्रसंघानें कबूल केला तो २०१६ सालीं. ब्रॉड स्ट्रीटचा तो खड्डा केवळ मोठा झाला होता.

माणूस रोग नेतो हें खरें; पण माणूस नसतांहि हा जंतु पाण्यांत राहूं शकतो. अमेरिकेंतील रीटा कॉलवेल या विदुषीनें दाखविलें कीं, खाडीच्या निमखाऱ्या पाण्यांत पिसवेएवढे जे तरंगते जीव असतात त्यांच्या अंगास हे जंतु चिकटून राहतात. पाणी उबदार झालें व त्या जीवांची वाढ झाली कीं रोगाचा ऋतु जवळ येतो. एकटा जंतु कापडांतून सहज निसटेल. पण हा जीव त्याच्याहून पुष्कळ मोठा, तो गाळतां येतो. म्हणून बांगलादेशांतील मतलब भागांत ६५ गांवांत प्रयोग करण्यांत आला. कांहीं गांवांतील बायकांस जुन्या सुती साडीच्या घड्या करून, त्यांतून पाणी गाळून घागर भरण्यास शिकविलें. साडी जुनी कां? कारण वारंवार धुतल्यानें धाग्यांचे तंतु सुटतात व विणीचीं छिद्रें बारीक होतात. तीन वर्षांचा हा प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला. साडीनें गाळणाऱ्या गांवांत पटकी ४८ टक्क्यांनीं कमी झाली होती. जी साडी एरवीं बोहारणीस दिली असती तिचें हें काम!

पांच वर्षांनीं संशोधक पुन्हा त्याच भागांत गेले व पाणी भरणाऱ्या ७,२३३ बायकांस त्यांनीं विचारलें. शिकविणारे केव्हांच निघून गेले असतांहि शंभरांपैकीं ३१ जणी अजून पाणी गाळीत होत्या, व त्यांतील निम्म्याहून अधिक साडीनेंच. आणि ज्यांच्या घरीं गाळीत नव्हते, परंतु शेजारीं गाळीत होते, त्यांच्या घरींहि रोग कमी झालेला आढळला.